मान डोळ्यांच्या मागे जाते

लांबलेल्या केसनंतर, म्हणजे ऑपरेशननंतर, सर्जनला विचारा, मान कशी आहे, तर बहुतेक वेळा एकच उत्तर येतं, ठीक आहे. खोटं बोलत नसतात ते. ऑपरेशन चालू असताना सगळं लक्ष समोरच्या वीतभर जागेत एकवटलेलं असतं, खांदा कुठे वर चढलाय, मान किती वाकलीये, एका पायावर कधीपासून भार आहे, यातलं काहीही आत पोचत नाही. मग रात्री कूस बदलताना मान जाणवते, किंवा काही वर्षांनी बोटांना मुंग्या यायला लागल्या की जाणवते. मी फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्याकडे ही मंडळी येतात ती या दुसऱ्या टप्प्यावर, आणि तेव्हा नेमकं कशाने झालं हे त्यांना विचारून फार काही हाती लागत नाही, कारण ज्या तासांमध्ये ते झालं त्या तासांत त्यांचं स्वतःच्या शरीराकडे लक्षच नव्हतं. म्हणून मला ते तासच मोजायचे होते, ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या आत, केस चालू असताना, मानेवर सेन्सर लावून.

हा काही दोन-चार जणांचा प्रॉब्लेम नाही. 2018 साली जामा सर्जरी या जर्नलमध्ये एक मोठा आढावा आला होता, सर्जन आणि हाताने प्रोसीजर करणारे इतर डॉक्टर अशा पाच हजारांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून केलेला, त्यात मानेच्या मणक्यांची झीज साधारण 17 टक्के लोकांत सापडली, कमरेच्या मणक्यांची 19 टक्के, खांद्याच्या रोटेटर कफचा, म्हणजे खांदा फिरवणाऱ्या स्नायूंच्या पट्ट्याचा त्रास 18 टक्के. त्याआधी 2010 मध्ये दुर्बिणीतून ऑपरेशन करणाऱ्या सर्जनचा एक सर्व्हे झाला होता, 317 जणांनी उत्तरं दिली आणि त्यातल्या जवळपास 87 टक्के लोकांनी काही ना काही दुखणं सांगितलं. आणि हे लोक सांगत नाहीत हो कुणाला. पेशंट टेबलावर पोट उघडून पडलेला असताना आपल्या मानेचं काय घेऊन बसायचं, असं त्यांना मनापासून वाटतं, आणि ती भावना मला समजते, तिचा आदरही वाटतो. पण ज्या हातांवर एवढी माणसं विसंबून असतात ते हात मानेतूनच निघणाऱ्या नसांवर चालतात, पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांमधल्या ज्या गाद्या सगळ्यात जास्त झिजतात त्यांच्या शेजारून अंगठ्याकडे आणि मधल्या बोटांकडे जाणाऱ्या नसा बाहेर पडतात. सर्जनची मान हा त्याच्या एकट्याचा खाजगी विषय नाही असं मी म्हणते ते यामुळे.

आता सेन्सरबद्दल, कारण लोकांना वाटतं चिकटवला की झालं काम. ज्याला आयएमयू म्हणतात तो घड्याळाच्या डायलएवढा तुकडा असतो, आत तीन गोष्टी. अ‍ॅक्सेलरोमीटर, जो माणूस शांत असताना गुरुत्वाकर्षणाची दिशा सांगतो, म्हणजे आपण उभ्या रेषेपासून किती कललोय ते. जायरोस्कोप, जो किती वेगाने वळतोय ते सांगतो. आणि मॅग्नेटोमीटर, म्हणजे होकायंत्र. जायरोची अडचण अशी की वेगावरून कोन काढायचा तर सतत बेरीज करत राहावं लागतं आणि प्रत्येक बेरजेत इवलीशी चूक साचत जाते, चार तासांच्या केसमध्ये ती चूक कुठल्या कुठे जाते. अ‍ॅक्सेलरोमीटरमध्ये चूक अशी साचत नाही पण धक्का बसला, झटकन हालचाल झाली की तो गोंधळतो. म्हणून काल्मन किंवा मॅजविक अशा एखाद्या फिल्टरने, म्हणजे गणिती पद्धतीने, तिघांचं मिळून एक उत्तर काढतात. सर्जनच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या बाजूने असते, हे लोक मान फार सावकाश हलवतात, त्यामुळे खाली वाकण्याचा कोन बऱ्यापैकी भरवशाचा मिळतो.

एकच सेन्सर डोक्याला लावला तर काय मिळतं? डोकं जमिनीच्या हिशोबाने किती झुकलंय एवढंच. पण माणूस कमरेतून वाकून उभा असेल तर डोकं झुकलेलं दिसेल आणि मान मात्र पाठीच्या रेषेतच असेल. म्हणून किमान दोन सेन्सर लागतात, एक डोक्यावर टोपीच्या आत आणि एक पाठीवर वरच्या बाजूला किंवा छातीच्या हाडावर, आणि दोघांमधला फरक म्हणजे मान. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात डोक्यावर सेन्सर लावायची जी उत्तम जागा तिथेच हेडलाइटचा पट्टा बसतो, पट्टा आवळला की सेन्सर सरकतो, पाठीवरचा घामाने सुटायला बघतो, आणि एकदा सर्जन स्क्रब होऊन, म्हणजे हात निर्जंतुक करून, गाऊन घालून उभा राहिला की आत हात घालायची सोयच नाही. तिसऱ्या तासाला टेप सैल झाली तर झाली. म्हणून लावताना एक फोटो आणि काढताना एक फोटो घ्यायचा, जागा बदललीये का बघायला, आणि बदलली असेल तर तो डेटा मोह न धरता बाजूला ठेवायचा.

मग शून्य ठरवायचं. कॅलिब्रेशन. सरळ उभे राहा, समोर बघा, हा तुमचा शून्य. इथे मला सगळ्यात जास्त विचार करावा लागतो, कारण वीस वर्षं वाकून काम केलेल्या माणसाचं सरळ हे मुळातच पुढे आलेलं असतं. त्याची नेहमीची ठेवण शून्य धरली तर तो ऑपरेशनमध्ये पंचवीस अंश वाकला असं मशीन सांगणार, आणि नुकत्याच लागलेल्या रेसिडेंटच्या, म्हणजे शिकाऊ डॉक्टरच्या मानेने मोजलं असतं तर तेच पस्तीस आलं असतं. मला हे फार बोचतं, की जी मान सगळ्यात जास्त बिघडलीये तिचाच आकडा सौम्य दिसतो. म्हणून भिंतीला पाठ लावून उभं करून शून्य घ्यायचा, त्यांच्या सवयीच्या उभं राहण्याचा वेगळा नोंदवायचा, आणि मग सावकाश होकाराची मान दोन-तीनदा हलवून घ्यायची म्हणजे मान कुठल्या अक्षावर वाकते ते सेन्सरला कळतं. हाच होकार घड्याळं जुळवायलाही कामी येतो, कारण दोन्ही सेन्सर आणि कोपऱ्यात बसून काप कधी घेतला, आतडं कधी जोडायला घेतलं, टाके कधी सुरू झाले हे लिहिणारा माणूस, या सगळ्यांच्या वेळा एकमेकांशी जुळल्या नाहीत तर नुसती नागमोडी रेघ हातात राहते.

आणि रेघ नागमोडी नसतेच, हेच तर मला अस्वस्थ करणारं होतं. लूप्स, म्हणजे चष्म्यावर बसवलेली भिंगं, लावून केलेल्या ओपन, म्हणजे मोठी चीर देऊन केलेल्या केसची रेघ खाली जाते आणि तिथे सपाट होते. तीस-पस्तीस अंशांवर मान जाऊन बसते आणि तिथून हलत नाही, मिनिटामागून मिनिटं, मधेच सिस्टरकडून काही घ्यायला किंवा मॉनिटरकडे बघायला एखादी उभी रेघ, परत सपाट. आपण वाकण्याबद्दल एवढं बोलतो, पण मला आता वाटतं वाकण्यापेक्षा न हलणं जास्त महाग पडतं. स्नायू एकाच ताणात धरून ठेवला की त्याच्या आतला रक्तपुरवठा दबतो, हालचाल झाली की सुटतो, आणि इथे तर सुटायला संधीच मिळत नाही. शिवाय मान बराच वेळ पुढे वाकलेली राहिली की मागचे लिगामेंट्स हळूहळू ताणून सैलावतात, सरळ झाल्यावरही लगेच पूर्ववत होत नाहीत, आणि त्याच अवस्थेत पुढची केस सुरू झालेली असते.

वाकलेल्या मानेवर किती किलो भार पडतो ते दाखवणारं एक चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं, मोबाइलवाल्या मानेचं. ते आकडे केनेथ हंसराज या स्पाइन सर्जनच्या 2014 च्या लेखातले, सरळ असताना साधारण पाच किलोचं डोकं, 15 अंशांवर 12 किलो, 30 वर 18, 45 वर 22, 60 वर 27. हे कॉम्प्युटर मॉडेलवर काढलेले आकडे आहेत, जिवंत माणसाच्या मणक्यात यंत्र बसवून मोजलेले नाहीत, त्यामुळे मी ते पेशंटला घाबरवायला वापरत नाही. पण दिशा बरोबर आहे, डोकं पुढे गेलं की ते धरून ठेवायला मागच्या स्नायूंना कितीतरी जास्त ओढावं लागतं, आणि सर्जनच्या बाबतीत त्यात हेडलाइट आणि लूप्सचं वजन मिळवा, तेही डोक्याच्या पुढच्या टोकाला लटकणारं.

कोन मिळाला की विचारतात, मग धोका किती? त्यासाठी बहुतेक जण रुला वापरतात, 1993 मध्ये मॅकअटॅम्नी आणि कॉर्लेट यांनी काढलेली स्कोअरिंगची पद्धत. मान 10 अंशांपर्यंत वाकली तर 1, 20 पर्यंत 2, 20 च्या पुढे 3, आणि मागे गेली तर 4, शिवाय बाजूला कलली किंवा पिळली तर आणखी. पद्धत चांगली आहे, कपडे शिवणारे, कॉम्प्युटरवर बसणारे अशा लोकांचं काम डोळ्यांनी बघून पटकन स्कोअर करायला तयार झालेली. पण सर्जनला लावली की जवळजवळ सगळेच लाल, म्हणजे जास्त धोक्याच्या पट्ट्यात जातात. 2020 मध्ये जामा सर्जरीमध्येच सर्जनच्या अंगावर असे सेन्सर लावून केलेला अभ्यास आला, त्यातही मान निम्म्याहून जास्त वेळ धोक्याच्या कोनात होती, आणि ओपन सर्जरी, लूप्स यांत जास्त वाईट. आता सगळेच लाल असतील तर लाल रंग मला काय शिकवणार? 22 अंशांवरचा आणि 48 अंशांवरचा माणूस एकाच खणात. म्हणून मी टक्केवारीच्या जोडीला मधला कोन बघते, सगळ्यात वाकलेल्या दहा टक्के वेळातला कोन बघते, आणि एका जागी न हलता गेलेला सगळ्यात लांब सलग वेळ बघते. या शेवटच्या आकड्यावर मी सगळ्यात जास्त बोलते, आणि सर्जनलाही तोच पटकन पटतो, कारण किती अंश हे त्यांना परकं वाटतं पण सतरा मिनिटं मान जागची हलली नाही म्हटलं की लगेच विचारतात, कुठल्या स्टेपला?

कुठल्या स्टेपला, हा प्रश्न आला की खरं काम सुरू होतं. कारण मान काही आपल्या मर्जीने वाकत नाही, ती डोळ्यांच्या मागे जाते. डोळे जखमेच्या मागे जातात आणि जखम कुठे असणार हे टेबलाची उंची, पेशंटची जाडी, लाइट कुठून पडतोय, लूप्सचा कोन काय, समोर असिस्टंट किती उंच आहे, यांच्यावर ठरतं. सर्जनला पोश्चर सुधारा म्हणून सांगणं मला आता जवळजवळ अन्यायाचं वाटतं. मान सरळ केली तर दिसणारच नाही! माझ्या शिक्षणाचा मोठा भाग माणसाला सरळ बसायला-उभं राहायला शिकवण्यात गेला, आणि या ग्राफसमोर बसून माझ्या लक्षात आलं की सेन्सर मानेला लावलाय खरा, पण तो मोजतोय ती खोली.

टेबलाचंच घ्या. ओपन केसला टेबल साधारण कोपराच्या उंचीला असावं, लॅपला, म्हणजे दुर्बिणीतून करायच्या ऑपरेशनला, त्याहून बरंच खाली, कारण इन्स्ट्रुमेंट लांब असतात, त्यांच्या मुठी पोटाच्या वर उंच येतात आणि पोट गॅसने फुगवलेलं असतं. आता दोन सर्जन समोरासमोर, एक सहा फुटी आणि एक सव्वापाच फुटी. टेबल उंच माणसाला लावायचं आणि बाकीच्यांनी स्टूलवर चढायचं, हे त्यातल्या त्यात बरं, पण स्टूलवर चढलं की कॉटरीचं, म्हणजे विजेने रक्तवाहिन्या बंद करायच्या यंत्राचं, पेडल कुठे ठेवणार, ते पण स्टूलवर घ्यावं लागतं, जागा अरुंद, मग एक पाय अधांतरी पेडलवर आणि सगळा भार दुसऱ्यावर, कंबर तिरकी, आणि त्याच्यावर मान. टेबल खाली ठेवलं तर उंच माणूस कमरेतून आणि मानेतून दोन्हीकडून वाकतो. बऱ्याच ठिकाणी टेबल लॅपसाठी हवं तेवढं खाली जातच नाही, त्यामुळे बुटक्या सर्जन, त्यात बायका जास्त, खांदे उचलून काम करतात. त्यांच्या ग्राफमध्ये मानेचा कोन छान दिसतो आणि खांद्याच्या वरच्या स्नायूंचं भजं झालेलं असतं. नुसत्या मानेच्या आकड्यावर कुणाला शाबासकी देऊ नये ती यासाठी.

लूप्स तर कायमचेच. मागवताना जो खालचा कोन मोजून बसवतात तो काचेत पक्का होऊन जातो, कमी उताराचा असेल तर पुढची कित्येक वर्षं तो फरक मान भरून काढते. आता प्रिझमवाले लूप्स मिळतात, त्यात डोळे समोर आणि दृश्य खालचं, मान बरीच सरळ राहते. सवय व्हायला वेळ लागतो, सुरुवातीला हात आणि नजर जुळत नाही, त्यामुळे ऐन केसमध्ये पहिल्यांदा घालून बघायची ती गोष्ट नव्हे. पण ज्यांनी सवय केली त्यांच्या रेघा बघून मला खरंच आनंद झाला. एक्सोस्कोप म्हणून कॅमेरे आलेत, जखमेच्या वर कॅमेरा आणि समोर मोठा स्क्रीन, तिथेही मान वर येते. रोबोटबद्दल मात्र लोकांचा गैरसमज आहे की बसून करायचं म्हणजे आराम, कन्सोलची, म्हणजे सर्जन बसून ज्यात बघतो त्या यंत्राची, उंची नीट लावली नाही तर कपाळ टेकवून मान वाकलेली, आणि तीही न हलणारी.

लॅपमध्ये प्रश्न वेगळा. तिथे मान खाली कमी जाते, स्क्रीन बाजूला असेल तर पिळलेली राहते, आणि ट्रॉलीवर उंच असेल तर मागे जाते. स्क्रीन समोर, आणि नजर किंचित खाली उतरेल अशी, डोळ्यांच्या रेषेपेक्षा 10-20 अंश खाली, असा साधारण सल्ला असतो, आणि तो पाळायला एक पैसाही लागत नाही, केस सुरू व्हायच्या आधी स्क्रीन फिरवायचा एवढंच. पण इथेच सेन्सर आपल्याला दगा देतो. उभ्या रेषेभोवती फिरणं अ‍ॅक्सेलरोमीटरला दिसतच नाही, कारण फिरलं तरी गुरुत्वाकर्षण आहे तिथेच असतं. ते बघायचं काम मॅग्नेटोमीटरचं, आणि ओटीत चहूकडे लोखंड, मोटारी, कॉटरी, सीआर्म म्हणजे फिरतं एक्स-रे यंत्र, तो बिचारा उत्तर दिशा विसरतो. मॅग्नेटोमीटर बंद ठेवला तर जायरोवर विसंबायचं, तो हळूहळू वाहवतो. म्हणजे लॅप करणाऱ्यांना जी गोष्ट सगळ्यात जास्त छळते, ती स्क्रीनकडे पिळलेली मान, नेमकी तीच मोजायला सगळ्यात कच्ची. म्हणून त्या केसेसना मी पिळण्याच्या आकड्यावर जोर देत नाही, सर्जनच्या पायांची दिशा आणि स्क्रीनची जागा यांचा नकाशा कागदावर काढते, तो जास्त खरा असतो.

मधे एकाने सुचवलं, मान ठराविक कोनाच्या खाली गेली की सेन्सर थरथरला पाहिजे, म्हणजे लगेच सरळ होतील. असे सेन्सर आहेत, ट्रेनिंग लॅबमध्ये, सिम्युलेटरवर शिकताना त्यांचा उपयोग होईलही. पण रक्तवाहिनीला टाका घालताना मानेवर काहीतरी थरथरणं मला मान्य नाही, त्या क्षणी त्या मानेला वाकायचा पूर्ण हक्क आहे. त्यापेक्षा थांबण्याचं बघावं. 2017 मध्ये अ‍ॅनल्स ऑफ सर्जरीमध्ये 66 सर्जनवरचा अभ्यास आला, दर 20 ते 40 मिनिटांनी दीड-दोन मिनिटांचा ब्रेक, हातांचं निर्जंतुकपण न मोडता जागच्या जागी करायचे स्ट्रेच, आणि दुखणं कमी झालं, आणि ऑपरेशनचा वेळ वाढला नाही. हे शेवटचं मी प्रत्येक सर्जनला दोनदा सांगते कारण पहिली हरकत तीच असते. ब्रेक कधी घ्यायचा हे घड्याळावर सोडू नये, रक्तस्राव नाही, भूलतज्ज्ञ हो म्हणतायत, एक स्टेप संपलीये, अशा जागा केस सुरू व्हायच्या आधीच टीमने ठरवून ठेवाव्यात. आणि आठवण करून द्यायचं काम सर्जनवर ठेवू नये, ते सिस्टरने किंवा भूलतज्ज्ञांनी घ्यावं, कारण सुरुवातीलाच म्हटलं तसं, सर्जनला स्वतःला कळत नसतं.

एका गोष्टीवर मी अडून बसते, डेटा कुणाचा. ज्याची मान त्याचा. कोण किती वाकतो हे प्रशासनाच्या टेबलावर गेलं की उद्या त्याच्यावरून कौशल्य मोजतील, वय मोजतील, कोणाला किती केसेस द्यायच्या ते ठरवतील, आणि मग कुणीही सेन्सर लावून घेणार नाही, किंवा लावतील आणि त्या दिवसापुरतं ताठ उभं राहतील. तसंही पहिल्या काही मिनिटांत लोक जरा सावरूनच असतात, सेन्सरची आठवण असते. मग केस अवघड व्हायला लागते आणि विसरतात, खरी मान तिथून सुरू होते. त्यांनी विश्वासाने दिलेली ती मिनिटं आहेत, ती त्यांच्याविरुद्ध वापरली जाणार नाहीत हे लेखी असलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

आणि आता माझं लक्ष टेबलाच्या दुसऱ्या बाजूला लागलंय. आत्तापर्यंत सेन्सर लावले ते मुख्य सर्जनला. पण रिट्रॅक्टर, म्हणजे जखमेच्या कडा ओढून धरायचं हत्यार, धरून उभा असलेला रेसिडेंट, त्याला स्वतःला हवं तिथे उभंही राहता येत नाही, जिथे सर्जनच्या आड येणार नाही तिथे उभं राहायचं, कमरेतून तिरकं, मान पिळून सर्जनच्या हाताखालून बघायचं, आणि हात हलवला तर ओरडा. त्याला मधेच थांबूया म्हणायची सोय नाही. स्क्रब सिस्टर तासन् तास ट्रॉलीकडे आणि जखमेकडे आलटून पालटून वळत असतात. पुढच्या टप्प्याच्या संमतीपत्रात मी या दोघांनाही घेतलंय, सेन्सरच्या आणखी जोड्या मागितल्यात, आणि एका केसमध्ये टेबलाभोवतीच्या चौघांच्या माना एकाच घड्याळावर बघायच्यात, म्हणजे टेबल दोन इंच वर घेतलं तर सर्जनची मान जितकी सुटली तितकी रेसिडेंटच्या मानेवर किंवा खांद्यावर जाऊन बसली का, ते कळेल.